हामच्या आजी आणि पेपरवाले दादा

जर्मनीतली ३ वर्षं आटोपून आम्ही दोघं गेल्या आठवड्यात दादरला परतलो. बॅगा अजून उघडतोय, पण आभार आधी.

बर्लिनहून ड्युसेलडॉर्फला येताना हाम स्टेशनात गाडीचे दोन भाग होतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! (आपली लोकल १२ डब्यांची असो की १५, निदान वाटेत फुटत तरी नाही.) आम्ही वुपरटालमार्गे कोलोनला जाणाऱ्या भागात निवांत चकल्या खात बसलेलो. समोरच्या आजींनी तिकीट पाहिलं, हिची बॅग उचलली आणि फलाटावरून आम्हाला अक्षरशः पळवलं. दार लागता लागता चढलो. ‘डांके’ म्हणायचं राहूनच गेलं.

आणि पहाटे ४ वाजता लिफ्ट बंद असताना २३ किलोच्या चार बॅगा तिसऱ्या मजल्यावर चढवून देणारे पेपरवाले दादा, तुम्ही पाण्यालाही थांबला नाहीत. या एकदा, चहा राहिलाय.