लेकीच्या लॅपटॉपबद्दल

पुणे
रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. डॉक्टरांनी लेकीला रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे नजर हळूहळू नेणारा आजार, सांगितल्यापासून तुमच्या घरात काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पडद्यावरची अक्षरं मोठी करकरून आता हद्द झाली आहे, आणि तू लॅपटॉपच्या दुकानात जाऊन आलास. दुकानदार म्हणाला, "हल्ली सगळ्यांत आवाज असतोच साहेब, वेगळं काही घ्यावं लागत नाही." हे खरं का, असं तू विचारलंस. तो खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून बसून लिहितोय.

तो म्हणाला तो आवाज म्हणजे नॅरेटर, पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. अशा प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. विंडोजमध्ये तो २०००च्या आवृत्तीपासून आहे, पण पहिली कितीतरी वर्षं त्याच्यावर काम करणं अशक्य होतं. मायक्रोसॉफ्टच तेव्हा नॅरेटरच्या खिडकीत लिहायची की ही सोय किमान आहे, रोजच्या कामाला याहून सक्षम स्क्रीन रीडर लागेल. तो सक्षम स्क्रीन रीडर म्हणजे बहुतेकांसाठी जॉज. टेड हेंटर नावाचा अमेरिकन मोटरसायकल रेसर १९७८ मध्ये अपघातात आंधळा झाला, प्रोग्रॅमिंग शिकला आणि पुढे त्याच्या कंपनीने जॉज काढला, आधी डॉससाठी, मग १९९५ मध्ये विंडोजसाठी. मी कॉम्प्युटर शिकलो तो त्याच्यावरच. त्याचा परवाना लॅपटॉपइतका किंवा त्याहून महाग पडायचा. डोळस माणूस एक यंत्र विकत घ्यायचा, आणि आम्ही आंधळे तेच यंत्र घेऊन त्याच्याशी बोलण्याचे वेगळे पैसे मोजायचो. परवाना नसला तर जॉज चाळीस मिनिटं चालतो, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. आपल्याकडची कितीतरी अंध मुलं असं चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत शिकली आहेत.

म्हणून २००५ मध्ये अ‍ॅपलने मॅकमध्येच व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर दिला आणि २००९ मध्ये तो आयफोन ३जीएसवर आणला, त्याचं मोल मोठं आहे. डोळस माणसाला मिळतो तोच फोन, त्याच किमतीत, खोक्यातून काढला की बोलायला तयार. अँड्रॉइडवर त्याच वर्षी टॉकबॅक आला. विंडोज १०पासून नॅरेटरही बराच सुधारला. तुझ्या लेकीला दुकानात घेऊन जा आणि कुठलाही विंडोज लॅपटॉप समोर आला की तिलाच विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबू दे. यंत्र बोलायला लागेल. घरी आणल्यावर भाषा, वायफाय, पासवर्ड हे पहिलं सगळं तिचं तिला करता येईल, शेजारच्या मुलाला बोलवावं लागणार नाही. आमच्या पिढीला हे मिळालं नाही. विंडोज बसवताना पडदा मुका असायचा, आणि कुणीतरी डोळस माणूस येईपर्यंत नवं यंत्र टेबलावर पडून राहायचं.

एवढं असूनही तिने रोजचं काम नॅरेटरवर करावं, असं मी सांगणार नाही. तिच्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर बसवायचा. मायकल कुरन आणि जेम्स टेह या दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं. यंत्र वापरता येण्यासाठी आंधळ्या माणसाने वेगळे पैसे का भरावेत, हाच त्यांचा प्रश्न होता. एनव्हीडीए मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि वापरणारे लोकच त्याला जोड प्रोग्रॅम लिहितात. वेबएम या अमेरिकन संस्थेच्या २०२४च्या सर्वेक्षणात मुख्य स्क्रीन रीडर कोणता, याला सुमारे चाळीस टक्क्यांनी जॉज सांगितलं आणि सुमारे अडतीस टक्क्यांनी एनव्हीडीए. नॅरेटर मुख्य म्हणून सांगणारे एक टक्काही नव्हते. फुकट आहे, आयता यंत्रात आहे, तरी लोक दुसरं घेतात, याला कारण आहे.

ते कारण मला माझ्या नोकरीत कळलं. तुला माहीतच आहे, मी बँकेत आहे. मधे जॉजचं नवीकरण मागितलं, तर खरेदी विभागातून उत्तर आलं की विंडोजमध्ये ही सोय आता अंगभूत आहे, सबब वेगळा खर्च मंजूर करता येत नाही. आमचा खात्यांचा प्रोग्रॅम जुना आहे. त्याचा पडदा त्याने स्वतःच रंगवलेला, कुठल्या चौकटीत काय आहे हे तो विंडोजला सांगतच नाही. नॅरेटर लावून टॅब दाबत गेलो की नुसतं "पेन" (म्हणजे चौकट), "एडिट", "एडिट", "बटण". यातला खातेक्रमांक कुठला, शिल्लक कुठली आणि ते बटण पैसे जमा करणारं की व्यवहार रद्द करणारं, काही कळत नाही. जॉजला स्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या पडद्यावर काय वाचायचं याच्या सूचना, लिहिता येतात. दुसऱ्या शाखेतल्या एका अंध सहकाऱ्याने त्या पडद्यासाठी स्क्रिप्ट लिहिली होती. एक कळ दाबली की खातेदाराचं नाव आणि शिल्लक, दुसरी दाबली की शेवटचे व्यवहार. तेवढ्यावर मी काउंटर सांभाळत होतो, रांगेतल्या माणसाला मी आंधळा आहे हे कित्येकदा कळायचंही नाही. शेवटी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या, नोकरीत भेदभाव नको म्हणणाऱ्या कलम २०चा हवाला देऊन अर्ज केला, तेव्हा कुठे नवीकरण झालं. मधले महिने मी टपाल फोडायला बसलो होतो. अंगभूत सोय आली ती आमचं एक ओझं हलकं करायला, आणि नाही म्हणायला तिचाच आधार घेतला गेला. बाळ्या, याचा मला आजही संताप येतो. लेकीला उद्या कॉलेजात किंवा नोकरीत कुणी "यंत्रात आहे ना आवाज" असं म्हणालं, तर तिने काय विचारायचं हे तिला आधीच माहीत असायला हवं: हा आवाज या कामाला पुरतो का, करून दाखवा.

मॅकचंही विचारलंयस. मॅकचा व्हॉइसओव्हर चांगला आहे, पण तिथे दुसरा पर्याय नाही. त्यात काही बिघडलं की अ‍ॅपलने दुरुस्त करेपर्यंत वाट पाहायची. विंडोजवर एक अडला की दुसरा चालू करता येतो, आणि मी रोज ते करतो. शिवाय तिला टॅली लागणार, एक्सेल लागणार, आणि तिला शिकवणारे विंडोजवालेच असणार. तेव्हा मॅकचे पैसे वाचव.

दुसऱ्याने केलेलं सॉफ्टवेअरही कायमचं टिकतंच असं नाही, हेही सांगतो. विंडो-आइज नावाचा जुना, चांगला स्क्रीन रीडर होता. २०१४ मध्ये तो ऑफिसबरोबर मोफत मिळायला लागला, मग त्याची कंपनी दुसरीत गेली, ती तिसरीने घेतली, आणि २०१७ मध्ये तो बंदच झाला. लोकांच्या हातात बसलेल्या सगळ्या कळा हळूहळू निरुपयोगी झाल्या. म्हणून लेकीने पहिल्या वर्षातच दोन स्क्रीन रीडर हाताखालून घालावेत, एनव्हीडीए रोजचा आणि नॅरेटर अडीअडचणीचा. जॉज नोकरी लागल्यावर, तेही मालकाच्या पैशाने.

आता तुझ्यासाठी. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक नावाचा आवाज आयता येतो, तो तिला निवडू दे. तो मराठीही बोलतो, पण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. वहिनी म्हणतील, पोरीने दिवसभर हे ऐकायचं का? ऐकू दे. गोड आवाज वेग वाढवला की एकमेकांत मिसळतात, ईस्पीक पाचपट वेगातही शब्दन् शब्द वेगळा ठेवतो आणि कळ दाबताक्षणी बोलतो. डोळे असलेला माणूस पान वरून चाळतो, तसं आम्ही वेगात ऐकून चाळतो. तिला हवा तर नंतर गोड आवाज घेईल, तो तिचा निर्णय.

एका बाबतीत मात्र नॅरेटर, जॉज आणि एनव्हीडीए तिघेही हात टेकतात, आणि तो आपल्या मराठीचाच प्रश्न आहे. कॉलेजच्या नोटा आणि परिपत्रकं अजून श्रीलिपी नाहीतर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. श्रीलिपीत डोळ्यांना "महाराष्ट्र"मधलं "महारा" दिसतं, फाइलच्या आत मात्र इंग्रजी खुणा असतात, त्यामुळे कानावर येतं "अंडरस्कोर, एच, एम, ए, एम". सगळं पानच्या पान असं. यावर स्क्रीन रीडर बदलून उपयोग नाही, टाइप करणाऱ्याने युनिकोड वापरलं पाहिजे, म्हणजे फाइलच्या आतही मराठी अक्षरंच राहतात. तू तिच्या प्राचार्यांना भेटशील तेव्हा एवढी एकच मागणी लावून धर: नोटा युनिकोडमध्ये, आणि स्कॅन केलेले फोटो नकोत. मूळ वर्डची फाइल द्या म्हणावं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. प्राचार्यांना हे माहीत नसेल तर नम्रपणे सांग.

आता आपल्या पुण्याच्या माणसाबद्दल. टी. व्ही. रामन इथेच वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणित केलं, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलची पीएचडी, पुढे गूगल. त्यांनी १९९५ मध्ये ईमॅकस्पीक प्रसिद्ध केलं, ईमॅक्स या लिहिण्याच्या प्रोग्रॅमला आतूनच बोलतं करणारं. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावर जे उमटलंय ते वाचत बसण्यात अर्थ नाही, प्रोग्रॅमला जे ठाऊक आहे तेच त्याने बोलावं. त्यांचं कॅलेंडरचं उदाहरण आहे. स्क्रीन रीडर महिन्याचं पान घेतो आणि आकड्यांच्या ओळी वाचत सुटतो. पंधरा तारखेला वार कोणता, हे त्यातून शोधत बसायचं. ईमॅकस्पीकमध्ये पंधरावर आलात की थेट वार, तारीख, महिना ऐकू येतो. मला अंगभूत सोय म्हणजे हे अपेक्षित आहे. नॅरेटर यंत्रात आहे पण प्रोग्रॅम त्याला काहीच सांगत नाही, तर तो तरी काय बोलणार? आणि प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर कुठलाही स्क्रीन रीडर त्याच्यावर चालतो, मग निवड माझी. माझ्या बँकेतला तो जुना पडदा मुळात नीट लिहिला असता, तर स्क्रिप्टचीही गरज पडली नसती. म्हणून नवा प्रोग्रॅम खरेदी होताना निविदेतच ही अट घाला, असं मी हल्ली प्रत्येक बैठकीत बोलतो. काही ऐकतात.

विकत काय घ्यायचं ते थोडक्यात सांगतो. साधा विंडोज ११चा लॅपटॉप, सोळा जीबी रॅम. पडद्यावर पैसे घालू नको, कीबोर्डवर घाल. कळा एकमेकींपासून वेगळ्या जाणवल्या पाहिजेत, एफ आणि जेवरचे उंचवटे बोटाला स्पष्ट लागले पाहिजेत. स्क्रीन रीडरच्या आज्ञांना लागणारी इन्सर्टची कळ लहान लॅपटॉपवर नसते किंवा आडवाटेला असते, तिथे एनव्हीडीएला कॅप्स लॉक सांगता येतो, त्यामुळे त्यावर अडू नको. चांगला हेडफोन घे, आणि एका कानात घालायचाही एक घे, वर्गात दुसरा कान सरांकडे लागतो. एनव्हीडीएची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, म्हणजे कॉलेजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर काही न बसवता चालेल.

आणि थोडी नजर आहे तोवरच तिला कळा शिकू दे. आत्ता ती माउसकडे जाईल, कारण अजून दिसतंय. रोज तासभर पडदा बंद करून बसव म्हटलं तर तुला ते निष्ठुर वाटेल, पण एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर जाणं, तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाने एकेक घर सरकणं हे बोटांत आत्ताच बसलं, तर पुढे परीक्षेच्या दिवसांत पाया खचत नाही. तू मात्र शेजारी बसून "इकडे क्लिक कर" म्हणू नको. कॉलेजात तू मला अख्खी पुस्तकं वाचून दाखवलीस, ते मी विसरलेलो नाही. पण तिला ते लागू नये अशीच सोय आपल्याला करायची आहे.

पुढच्या रविवारी तिला घेऊन ये, दुपारी तीननंतर. लॅपटॉप तोवर घेऊ नकोस. माझ्याकडे जॉज आणि एनव्हीडीए दोन्ही आहेत, दोन्हीवर तिला बसवतो. एक्सेलची तिची कॉलेजची फाइल आणायला सांग, आणि श्रीलिपीतली एखादी नोट असेल तर तीही, युनिकोडमध्ये बदलायची कशी ते दाखवतो. वहिनींना नमस्कार, आईंची तब्येत कळव.

तुझा,
भाऊ