हिरवे वर्तुळ आणि शेवटच्या पानावरची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत जवळच्या एका कारखान्यात येऊ घातलेल्या नव्या द्रावकाचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनाचा, विषय निघाला. रविवारची सकाळ, निम्मी माणसे उभी, पंख्याच्या घरघरीत बोलणे नीट ऐकू येईना. कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर रेणूची आकृती दाखवली. शेजारी चार-पाच आकडे आणि खाली एक हिरवे वर्तुळ. 'संगणकीय मॉडेलनुसार धोका कमी,' एवढे बोलून तो पुढच्या पानाकडे वळला. तेवढ्यात पागेर (फेकायचे जाळे) घेऊन नदीत उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारले, 'ह्या कॉम्प्युटराक आमची न्हंय खबर आसा?' (या कॉम्प्युटरला आमची नदी ठाऊक आहे का?) सभेत हशा पिकला. सल्लागारही हसला आणि उत्तर राहूनच गेले.

मी उच्च माध्यमिकात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते तिथल्या तिथे द्यायला हवे होते, ही रुखरुख घरी येईपर्यंत गेली नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

वर्गात मी विलगकारी नरसाळ्यात आयोडिनचे पाणी आणि थोडे रॉकेल घालून हलवायचो. तपकिरी पाणी फिकट होई आणि वरचा रॉकेलचा थर जांभळट. आयोडिनला पाण्यापेक्षा तेल जवळचे. रसायन माशांना किती विषारी ठरेल याचा अंदाज बांधणारी पुष्कळशी मॉडेले याच गोष्टीवर उभी आहेत. पदार्थ पाण्यात किती राहतो आणि ऑक्टॅनॉल नावाच्या तेलकट अल्कोहोलात किती जातो, यावरून तो माशाच्या अंगात किती शिरेल याचा अंदाज बांधता येतो. आधी तपासलेल्या शेकडो पदार्थांचे आकडे आलेखावर मांडायचे, त्यातून रेषा काढायची आणि नवा रेणू त्या रेषेवर कुठे बसतो ते बघायचे. उत्तर येते ते असे: पाण्यात किती मात्रा असली तर ९६ तासांत निम्मे मासे मरतील.

ही धूळफेक नव्हे, हे आधीच सांगतो. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्याने नव्या रसायनाची छाननी करायला सरकारला ९० दिवस दिले, पण कंपनीने आधी चाचण्या करूनच यावे अशी सक्ती केली नाही. बहुतेक अर्जांबरोबर विषारीपणाची माहितीच नसे. मग तिथल्या पर्यावरण संस्थेतल्या लोकांनी रेणूच्या रचनेवरून अंदाज बांधण्याची पद्धत बसवली. काहीच हातात नसताना निदान कोणत्या रसायनाकडे आधी बघायचे हे तरी त्यातून ठरू लागले. हजारो मासे आणि उंदीरही वाचले. मला विचाराल तर ही चाळण प्रत्येक औद्योगिक वसाहतीत हवी. आपल्याकडे युरोपसारखी रसायनांची सरसकट नोंदणी अजून आलेली नाही, त्यामुळे तर जास्तच हवी.

पण चाळणीतून खाली पडलेले सगळे पीठच असते असे नाही.

पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन ही सख्खी भावंडे. पाच, सहा, सात कार्बनची साधी साखळी. माशांच्या त्या रेषेवर हेक्झेन शेजाऱ्यांसारखेच निमूट बसते. तरी १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली शक्ती गेली, ती गोंदातल्या हेक्झेनमुळे. शरीर हेक्झेनचे रूपांतर अशा एका पदार्थात करते, ज्याचे दोन टोकांचे ऑक्सिजन मज्जातंतूंच्या प्रथिनांना पकडायला नेमक्या अंतरावर असतात. पेंटेनच्या बाबतीत ते अंतर तसे जुळून येत नाही आणि हेप्टेनपासून असा पदार्थ फारच थोडा बनतो. शरीरात गेल्यावर रेणूचे काय होते हे ज्या मॉडेलला शिकवलेले नाही, त्याला हा फरक कुठून कळणार? (फेणीतले इथेनॉल आणि डोळे घालवणारे मिथेनॉल यांच्यातही एकाच कार्बनचा फरक आहे. हे गोव्यात वेगळे सांगायला नको.)

दुसरे उदाहरण तर आपल्या दारातले. जहाजांच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचे कथिलाचे संयुग घालत. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. एवढ्यानेच समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि काही जातींची वीणच थांबली. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हा प्रकार मुरगाव बंदराच्या परिसरातल्या गोगलगायीत नोंदवला. त्या जातीचे नावच क्रोनिया कोंकणेन्सिस! अशा रंगांवरचा आंतरराष्ट्रीय करार २००१मध्ये झाला आणि अमलात यायला २००८ उजाडले. चार दिवसांत किती मासे मेले हे मोजणाऱ्या चाचणीत या गोगलगायी दिसणारच नव्हत्या आणि त्या चाचणीवर शिकलेल्या मॉडेललाही नाही. शिवाय धातू असलेली अशी संयुगे बहुतेक मॉडेलांच्या कक्षेबाहेरचीच, म्हणजे ज्या प्रकारच्या रेणूंवर मॉडेल शिकले त्यांत न बसणारी.

माझ्या मते सगळा प्रश्न या कक्षेचाच आहे. माझी भाची वेर्ण्याला एका औषध कंपनीत याच कामावर आहे. औषधात उरलेली अशुद्धी जनुकांना धक्का लावेल का, हे त्यांना बघावे लागते. त्यासाठी एक नव्हे, दोन मॉडेले वापरावी लागतात, एक नियमांवर चालणारे आणि दुसरे आकडेवारीवर, आणि गरज पडली की जाणकार माणूस दोन्ही उत्तरे तपासतो. ग्रामसभेतली गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'मामा, सॉफ्टवेअरला विचारलं की ते उत्तर देतंच. हा रेणू माझ्या ओळखीचा नाही, हेही सांगतं, पण ते शेवटच्या पानावर असतं. ते पान कोण दाखवतंय?'

वसाहतीतल्या द्रावकाच्या ज्ञातिबांधवांवर मॉडेल शिकलेले असेल तर ते हिरवे वर्तुळ मी मानीन. नसेल तर तो नुसता हिरवा रंग. हे माझ्या पदरचे नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४मध्ये अशा मॉडेलांसाठी पाच तत्त्वे ठरवली. मॉडेल कोणत्या रेणूंना लागू आहे हे स्पष्ट सांगितलेले असावे, हे त्यांतलेच एक. युरोपच्या रसायन-नोंदणीच्या रीच कायद्यातही चाचणीऐवजी मॉडेलचे उत्तर चालते, पण रेणू कक्षेत असेल आणि कागदपत्रे पुरी असतील तरच.

आता त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. नाही, कॉम्प्युटरला आपली नदी ठाऊक नाही. अशा मॉडेलांतले बरेच आकडे अमेरिकेतल्या फॅटहेड मिनो नावाच्या गोड्या पाण्यातल्या लहानशा माशावरून आलेले असतात, तेही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यातून. आपल्या जुवारीचे पाणी मे महिन्यात खारट आणि श्रावणात जवळजवळ गोडे. तेच पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, शिरते आणि चिखलात तिसऱ्या (शिंपले) असतात. पाण्याचा खारटपणा आणि आम्लता बदलली की काही रसायने विरघळण्याऐवजी चिखलाला धरून बसतात. वसाहतीच्या नाल्यातून एकच रसायन येते असेही नाही, आणि मॉडेल एका वेळी एकाच रेणूचा हिशेब मांडते.

माझी मागणी मोठी नाही. कंपनी पंचायतीपुढे मॉडेलचा आधार घेणार असेल, तर मॉडेलचे नाव आणि आवृत्ती, ते नेमके काय मोजते, आपला रेणू त्याच्या कक्षेत आहे की नाही आणि ज्या पदार्थांवरून अंदाज केला ते सगळ्यात जवळचे पदार्थ कोणते, एवढे एका पानावर मराठीत आणि कोकणीत लिहून द्यावे. ओईसीडीचे असे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आपल्या महाविद्यालयांतल्या एम.एस्सी.च्या मुलांना रेणू दिला तर तीही पडताळून बघू शकतील.

ते पान मिळावे म्हणून मी पंचायतीत अर्ज दिला आहे. पोचपावती त्याच दिवशी मिळाली. पान अजून यायचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा