हौशी वाद्यवृंदाला आधी तालमीची जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी वाद्यवृंदांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा जाहीर कार्यक्रम पार पडल्यानंतरचे असते. काळ्या पोशाखातल्या वादकांचे एक छायाचित्र आणि खाली कौतुकाचे चार शब्द, एवढ्यावर विषय संपतो. कौतुक कोणाला नको असते? पण दिवसभर नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातली एक संध्याकाळ सिंफनीच्या, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या पाश्चात्त्य वाद्यरचनेच्या, तालमीसाठी राखणाऱ्या या मंडळींची खरी अडचण व्यासपीठ मिळण्याची नसून तालमीला कायमची जागा मिळण्याची आहे, आणि तिच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः अशाच एका वाद्यवृंदात व्हिओला, म्हणजे व्हायोलिनाचे थोडे मोठे, खालच्या स्वरांचे भावंड, वाजवतो. (व्हिओलावादकांची सर्वत्रच चणचण असते, त्यामुळे माझी वर्णी लागली असावी.)

घरी सराव करता येतो, मग एकत्र जमण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असे अनेकदा विचारले जाते. आपल्या वाट्याचे स्वर घरी बसवता येतात हे खरेच. परंतु वाद्यवृंद म्हणजे त्या वाट्यांची बेरीज नव्हे. ओबो या फुंकवाद्याने दिलेल्या ४४० हर्ट्झच्या स्वराशी सर्वांनी आपली वाद्ये जुळवून घ्यायची, बासरीची नाजूक जागा ऐकू यावी म्हणून ‘दुसरी व्हायोलिन’ या विभागातल्या वादकांनी नेमके कुठे दबते घ्यायचे हे ठरवायचे, एका विभागातले तारांवर फिरणारे सगळे गज एकाच दिशेने चालावेत म्हणून स्वरलिपीच्या पानावर पेन्सिलीने खुणा करायच्या, ही कामे एकेकट्याने होण्यासारखी नाहीत. तंतुवाद्यांचे दोन वादक एकाच स्टँडवरून वाचतात आणि त्यांतला आतल्या बाजूचा वादक वाजवणे थांबवून पान उलटतो. ते पान किती आधी धरायचे हे शेजाऱ्याच्या सवयीवरून कळते आणि ती सवय कळायला अनेक तालमी जाव्या लागतात. बेटहोवनच्या पाचव्या सिंफनीत तर ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याचे वादक पहिल्या तीन भागांत एकही स्वर न वाजवता बसून असतात आणि थेट चौथ्या भागात पूर्ण ताकदीने शिरतात. हौशी ट्रॉम्बोनवादक तेवढ्या क्षणांसाठी कामावरून धावतपळत तालमीला येतो, आणि नेमक्या त्याच दिवशी तालमीची खोली दुसऱ्या कोणाला दिलेली निघाली, तर पुढच्या आठवड्यात तो येईलच याची शाश्वती कोण देणार?

तालीम अपुरी पडली की काय होते, याचा दाखला याच सिंफनीच्या इतिहासात आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती प्रथम सादर झाली, तो कार्यक्रम सुमारे चार तास चालला, सभागृह गारठलेले होते आणि तयारी तोकडी होती. त्याच कार्यक्रमाच्या अखेरीस ‘कोरल फँटसी’ ही पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची त्याचीच रचना वाजवताना वादकांचा मेळ इतका बिघडला की बेटहोवनला मध्येच थांबवून पुन्हा सुरुवात करावी लागली. खुद्द रचनाकार समोर असताना जे टळले नाही, ते आमच्यासारख्यांच्या बाबतीत केवळ उत्साहाच्या बळावर टळेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आता जागेविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण ‘एखादी खोली द्या’ म्हटले की कोणतीही खोली चालेल असा समज होतो. ठेंगण्या छताच्या लहान खोलीत पितळी वाद्ये आणि टिंपनी (नगाऱ्यांसारखी मोठी तालवाद्ये) एकदम वाजू लागली की शेजारच्याचे वाद्य सोडाच, स्वतःचेही ऐकू येत नाही, आणि कानांवर पडणारा ताण वेगळाच. खोली तापली की बासरी, ओबो चढू लागतात आणि तारा मात्र उतरू लागतात. मग स्वर जुळवण्यातच अर्धी संध्याकाळ जाते. खुर्च्या बिनहातांच्या हव्यात, नाहीतर चेलोवादकाचा गज खुर्चीच्या हातावर आपटत राहतो. सर्वांत मोठा प्रश्न अवजड वाद्यांचा आहे. डबल बास माणसाच्या उंचीहून सहसा उंचच असतो, टिंपनीची मोठी भांडी अरुंद दारातून आत जात नाहीत, आणि ही वाद्ये दर आठवड्याला गाडीत घालून न्यायची-आणायची म्हणजे त्यांची हानी आणि वादकांची दमछाक दोन्ही आले. कुलूपबंद लहानशी खोली शेजारी असली, तर हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

हौस ज्याची, खर्चही त्यानेच करावा, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. सभासद वर्गणी भरतात, त्यातून संचालकाचे मानधन आणि स्वामित्वहक्काखालील रचनांच्या स्वरलिपीचे भाडे भागवतात, वाद्येही बहुतेकांची स्वतःचीच असतात. फुकट काही मागण्याचा इथे प्रश्नच नाही. परवडेल अशा भाड्यात ठरलेला वार आणि ठरलेली जागा मिळावी, एवढीच मागणी आहे. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये संगीतकार टेलेमानने १७०२च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन उभारलेल्या ‘कॉलेजियम म्युझिकम’ची सूत्रे १७२९मध्ये थोर संगीतकार बाखकडे आली, तेव्हा त्या मंडळींचे कार्यक्रम झिमरमानच्या कॉफीगृहात नेमाने, दर आठवड्याला होत असत. बाखचे नाव सर्वांना आठवते. पण आठवड्यामागून आठवडे जागा देणाऱ्या त्या मालकाचा वाटाही मला कमी वाटत नाही.

शाळा, ग्रंथालये आणि सभागृहे यांच्या चालकांना विनंती अशी की, संध्याकाळी रिकामे राहणारे एखादे मोठे दालन वर्षभरासाठी एका ठरलेल्या वारी हौशी वाद्यवृंदाला द्यावे. मोबदल्यात काही तालमी श्रोत्यांसाठी खुल्या ठेवण्यास बहुतेक वाद्यवृंद आनंदाने तयार होतील. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी वार्ताहर पाठवाल तो कार्यक्रमाऐवजी तालमीला पाठवा, आणि कोणत्या वाद्यवृंदाला कोणते वादक हवे आहेत याची दोन ओळींची सूचना स्थानिक पानावर छापत जा. कपाटात पडून असलेले बासून किंवा हॉर्नसारखे एखादे फुंकवाद्य त्यामुळे बाहेर निघण्याची बरीच शक्यता आहे, आणि ओबोवादक मिळाला तर आम्हाला स्वर जुळवण्यासाठी यंत्राच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

आपला,
एक हौशी व्हिओलावादक