मिरगाच्या आत पोचावं म्हणून

वुल्व्हरहॅम्प्टन, इंग्लंड
22 मे

तीर्थस्वरूप आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नव्हे. म्हणून लिहायला बसलोय. शहापूरचा एकजण सुट्टीला गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. मिरगाच्या आत ते तुमच्याकडे पोचलं पाहिजे, का ते शेवटी सांगतो. वाचून दाखवायचं काम छोटीला द्या. ती कन्नड शाळेत जाते, घरात मराठी बोलते, पण वाचायची सवय राहिलेली नाही. अडली तर ताई आहेच. तिला सावकाश वाचू दे, तुम्ही मध्ये मध्ये थांबवून विचारा.

गेल्या आठवड्यात आम्ही चौघेजण मासे धरायला फ्रान्सला जाऊन आलो. चौघे म्हणजे कारखान्यातले. एक इंग्रज, साठी ओलांडलेला, मला मशीनवर हाताला धरून शिकवलेला माणूस. दुसरा त्याचा पुतण्या. तिसरा पोलंडचा, माझ्याच पाळीतला. आणि मी. मला वेगळा व्हिसा काढावा लागला, त्यात दोन महिने गेले. तेवढे दिवस ते तिघे थांबले, माझ्याशिवाय निघाले नाहीत. आईला हे मुद्दाम सांगा, ती विचारत असते की तिथं तुझी माणसं कोण म्हणून.

समुद्राखालून गेलो, आबा. गाडी सरळ आगगाडीच्या पोटात चढवायची, आत बसून राहायचं, 35 मिनिटांत फ्रान्स. 1994 साली हा बोगदा सुरू झाला, 50 किलोमीटर लांब, त्यातला 38 किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. तिथून पुढं चार तास गाडीनं शाँपेन भागात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आणि पिवळी मोहरीसारखी शेतं, बांध कुठं दिसत नाही.

आम्ही उतरलो ते तळं खासगी, आपल्या गावतळ्याच्या तिप्पट असेल. खरं त्याच्या जवळच एक प्रचंड धरण आहे, देर नावाचं. एका दुपारी ते बघायला गेलो. मार्न नदीचा पूर पॅरिसात शिरू नये म्हणून 1974 साली ते बांधून पुरं केलं. 48 चौरस किलोमीटर पाणी! त्यात तीन गावं गेली. शाँपोबेर नावाच्या गावाचं चर्च तेवढं राखलंय, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर एकटंच उभं आहे. आजूबाजूला घर नाही, दार नाही. मला तिथं आजीची आठवण आली. हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेलं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आणि आजी दर वर्षी विचारायची, "दिसायलंय काय रे कळस?" मी त्या चर्चच्या भिंतीला हात लावून आलो. आजीच्या वतीनं म्हणा.

आता माशाचं सांगतो, तुम्ही त्याचीच वाट बघत असणार.

हे लोक धरतात तो कार्प. आपल्याकडे तळ्यांत बी सोडतात तो सायप्रिनस, तोच हा. आपल्याकडेही तो बाहेरूनच आलेला, 1939 साली श्रीलंकेतून आधी निलगिरीत आणला. रोहू, कटला, मृगळ, तुमचा लाडका खडस, सगळी ह्याचीच भावकी. ओठाजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन मिशा, तोंडात दात नाही, दात घशात. त्यामुळं तो आमिष चावत नाही. ओढून घेतो, चाचपतो, संशय आला की फुंकून टाकतो. तुम्ही डोहावर बसून मला हेच सांगायचा, "तोंडात घेतलाय, गिळला नाही, हलू नको." ह्या एका सवयीवर इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलंय. 1980 च्या सुमाराला लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स ह्या दोघा इंग्रजांनी तोड काढली. आमिष गळात खुपसायचंच नाही. गळाच्या मागं बारीक दोऱ्याला लोंबतं ठेवायचं, गळ मोकळा. मासा आमिष ओढतो तेव्हा गळ मागनं जातो, फुंकतो तेव्हा खालच्या ओठात बसतो. पहिल्यांदा करून बघताना दोऱ्याऐवजी खरोखरीचा केस बांधला होता, म्हणून नावच पडलं केसाचा गळ. मी तो बांधायला शिकलोय. तुमच्या हाताला चार मिनिटांत जमेल.

आमिषाचे गोळे आम्ही घरीच केले. रवा, सोयाचं पीठ, माशाचा कुटा आणि अंडी, मळून सुपारीएवढे गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटं सोडायचे. स्वयंपाकघरात चौघे लाडू वळत बसल्यागत बसलो होतो. थोड्या गोळ्यांत मी तुमच्या पद्धतीनं शेंगापेंड आणि हिंग घातला. आईनं दिलेला हिंग, डबी अजून आहे. दोन दिवस त्या गोळ्यांना एकाही माशानं विचारलं नाही. शेवटी उकडलेल्या मक्याचे दोन दाणे लावले.

तिसऱ्या रात्री, अडीच वाजले असतील. तंगूस ओढली गेली की वाजणारी एक पेटी दांडीखाली असते. ती आधी एकदा टक् करून गप्प झाली, मग सलग वाजायला लागली. मी तंबूतून अनवाणी धावलो. दांडी हातात घेतली तर पलीकडं म्हैस दावं ओढतेय असं वाटलं. वीस मिनिटं तो तळाशी बसून होता. म्हाताऱ्यानं शेजारी उभं राहून एवढंच सांगितलं, ओढू नको, जाऊ दे, दमला की येईल. तुमचा आवाज ऐकल्यागत झालं, आबा. भाषा इंग्रजी, माणूस दुसरा, बोलणं तेच.

31 पौंड 8 औंस भरला. म्हणजे सव्वाचौदा किलो. अंगावर खवले मोजकेच, पाठीच्या कडेनं एक रांग आणि शेपटीजवळ रुपयाएवढे चार. बॅटरीच्या उजेडात ओल्या पितळेसारखा रंग. जमिनीवर ठेवायचा नाही, गादीवर ठेवायचा, गादी आधी भिजवायची, अंगावर सारखं पाणी ओतत राहायचं. गळ काढला, ओठाच्या जखमेला औषध लावलं. मग मी पाण्यात गुडघाभर उतरलो आणि त्याला दोन्ही हातांवर सरळ धरून उभा राहिलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. एका क्षणी त्याच्या अंगात जोर आला आणि तो माझ्या हातांतून गेला.

आता तुम्ही काय म्हणणार मला ठाऊक आहे. "मासा मोठा धरलास खरं, कालवणाला काय केलास?"

सोडला, आबा. इथं सोडतात. सकाळी तळ्याच्या मालकानं जुने फोटो काढून खवले जुळवले. शेपटीजवळचे ते चार खवले ओळखीचे निघाले. आठ वर्षांपूर्वी हाच मासा कुणाच्या तरी गळाला लागला होता, तेव्हा नऊ किलोचा होता. मधल्या वर्षांत चारदा सापडला आणि चारदा परत पाण्यात गेला. कार्प वीस-वीस वर्षं सहज जगतो, काही चाळिशीही ओलांडतात. मोठे कार्प चोरून दुसऱ्या तळ्यांना विकायचे म्हणून फ्रान्सात 60 सेंटीमीटरवरचा कार्प हौशी माणसानं जिवंत हलवणं हा गुन्हा आहे. म्हातारा सांगत होता, 1952 साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसानं इंग्लंडात रेडमायर नावाच्या तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता, 1971 पर्यंत जगला. म्हातारा लहानपणी बापाचं बोट धरून त्याला बघायला गेला होता. काचेपलीकडं मासा आणि अलीकडं हा, तेव्हापासून हा नाद लागला म्हणाला.

पोलंडच्या मित्राला मात्र सोडणं आजही जड जातं. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री कार्प हवाच, सणाचं ताट त्याच्याशिवाय पुरं होत नाही. त्याच्या लहानपणी घरोघर बाजारातून जिवंत कार्प आणून दोन-चार दिवस न्हाणीतल्या टबात ठेवायचे. मला हे खाणंही बरोबर वाटतं आणि सोडणंही. ज्याचं त्याचं पाणी, ज्याची त्याची रीत.

पण पत्र लिहायला बसलो ते सव्वाचौदा किलोसाठी नाही. पाचव्या दिवशी जे बघितलं त्यासाठी.

त्या दोन दिवसांत ऊन चढलं होतं. पहाटे बोरूच्या बेटांत धडाधड आवाज यायला लागला, जनावरं पाण्यात शिरल्यागत. जाऊन बघतो तर मोठाले कार्प वीतभर पाण्यात. एकेका मादीमागं तीन-चार नर, तिला कोपरायला लागलेत, ती आडवी होऊन अंग झाडतेय, पाठी पाण्याबाहेर. बोरूची मुळं हलत होती. पाण्याला वेगळाच वास, पहिल्या पावसात ओढ्याला येतो तसा. मालक सायकलवरून आला आणि सगळ्यांना गळ काढायला सांगितलं. दोन दिवसांचे पैसे भरलेले होते आमचे, आणखी दोन टोळ्या होत्या, त्यांचेही. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. दहा मिनिटांत साऱ्या दांड्या बाहेर. मग आम्ही काठावर बसून नुसतं बघत राहिलो. दुपारी शांत झाल्यावर मी एक मूळ उचलून बघितलं. राजगिऱ्याएवढी पिवळट अंडी, चिकटलेली, उन्हाला धरली तर आरपार दिसणारी. हलकेच परत ठेवलं. कार्पाची मादी किलोमागं लाख ते तीन लाख अंडी घालते. पाणी कोमट असलं तर तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर.

इंग्लंडात तर नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळ टाकायला बंदी आहे, ह्याचसाठी. आपल्या खाली गोव्यात, कोकणातसुद्धा 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या दर्यावर जात नाहीत. ओढ्याला मात्र कुणी विचारत नाही.

आबा, रागावू नका. तुमच्यासमोर बसून हे बोलायची माझी छाती झाली नसती. मिरगाच्या पहिल्या पावसात मलप्रभेतून चढणीचे मासे आपल्या ओढ्यात येतात, ओढ्यातून भातखाचरांत. आपण मोरीच्या तोंडाला कामट्यांचा पिंजरा लावतो. मी सहा वर्षांचा असताना तुम्ही मला इरलं पांघरून कंदील धरायला उभा केला होता, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर रात्र. घमेलं भरून मासा आला होता, आणि त्यातला निम्मा गाभोळीनं तट्ट फुगलेला. दुसऱ्या दिवशी आजीनं गाभोळी तव्यावर परतली, तिची चव अजून जिभेवर आहे. मागल्या पावसाळ्यात मी सुट्टीला आलो तेव्हा रात्रभर पिंजरा लावून सकाळी किती निघालं होतं? ओंजळभर. तुम्हीच म्हणालात, "मासा रुसला रे." डोहात जिलेटीन उडवणारे आहेत, पावडर टाकणारे आहेत, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या अंगावर धावून गेलेले तुम्ही एकटेच, तेही मी बघितलंय. खरं मोरीवरचा पिंजरा आपला आहे.

एवढीच विनंती, ह्या मिरगाला पहिल्या आठ रात्री पिंजरा लावू नका. वर चढणारा मासा चढू दे. परतीला, पाणी उतरताना लावा, मी अडवत नाही. कालवण खायला मीही गणपतीला येतोय. तुम्ही नाही लावलात तर खालच्या आळीचे दोघंतिघं तरी बघून थांबतील, तुमचा शब्द तिथं अजून चालतो. आणि छोटीला त्या रात्री मोरीवर घेऊन जा. कंदील तिच्या हातात द्या. मासे चढताना तिला दिसू दे.

धूळवाफ पेरणी आटपली असेल. वरच्या तुकड्यात बासमती टाकलात की इंद्रायणी? बाबांना म्हणावं, पंपाचे पैसे पाठवलेत. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर त्याच शहापूरच्या मुलाकडे सांगून ठेवा, तो परत येताना विचारून जाईल.

पाकिटात कागदाच्या पुडीत एक खवला आहे, जपून काढा. तो माझ्या माशाचा नव्हे. पोलंडच्या मित्राकडचा, त्यांच्या गेल्या नाताळच्या कार्पाचा. वर्षभर पाकिटात ठेवला की पैशाला खळ पडत नाही असं त्यांच्याकडे मानतात. तुमच्याबद्दल मी रात्री शेकोटीपाशी सांगत होतो, तर त्यानं आपल्या पाकिटातून काढून माझ्या हातावर ठेवला, तुझ्या आजोबाला दे म्हणाला. चंचीत ठेवा, चुन्याच्या डबीपासून लांब.

पिंजऱ्याचं काय ठरवलात ते कळवा. फोनवर नको. छोटीकडून दोन ओळी लिहून घ्या, मराठीत.

सर्व थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा नातू,
थोरल्याचा थोरला