साधनपेढीसाठी आवाहन : आधी चार आठवडे वापर, मग निवड

सप्रेम नमस्कार.

दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांना साधने भेट देणारे हात कमी नाहीत. अडते ते निवडीपाशी. सगळ्यांना सरसकट एकच यंत्र दिले की ज्याच्या डोळ्यांना, बोटांना किंवा वर्गातल्या कामाला ते जुळत नाही, त्याचे यंत्र कपाटात जाते. म्हणून आम्ही साधनपेढी उभारत आहोत. विद्यार्थ्याने साधन चार आठवडे शाळेत आणि घरी वापरायचे आणि मगच त्याच्यासाठी कायमचे काय घ्यायचे ते ठरवायचे. या पेढीसाठी वस्तू, पैसे आणि तुमचा वेळ, तिन्ही हवे आहे.

ज्यांना थोडे दिसते त्यांच्या बाबतीत फसगत जास्त होते. २० डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) हातभिंग अक्षर साधारण ५ पट मोठे दाखवते, पण डोळ्याला ताण न देता स्पष्ट दिसायला ते कागदापासून ५ सेंटिमीटरवर धरावे लागते. हात जरा हलला की अक्षर पुसट होते आणि वाकलेल्या डोक्याची सावली पानावर पडते. वेळापत्रक बघायला ते पुरते, धडा वाचायला नाही. धड्यासाठी पडदा असलेले इलेक्ट्रॉनिक भिंग लागते. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरे करता येतात. उजेडाने डोळे दिपणाऱ्या, म्हणजे उदाहरणार्थ अल्बिनिझम (शरीरात रंगद्रव्य जन्मतः कमी) असलेल्या मुलांना याचा मोठा आधार होतो. पण जितके मोठे तितके चांगले, असे मात्र नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या आजारामुळे नजर नळीतून बघितल्यासारखी आक्रसली असेल, तर अक्षर ८ पट केल्यावर एका वेळी दोनतीनच अक्षरे नजरेत मावतात आणि ओळ हरवते. अशा मुलाला कमी पट आणि जास्त उजेड लागतो. फळ्यासाठी गोष्ट आणखी वेगळी. तिथे एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण उपयोगी पडते. तिच्यावर ४×१२ लिहिलेले असते, म्हणजे ४ पट आणि पुढचे भिंग १२ मिलिमीटरचे. हे सगळे लो व्हिजन (अंशतः दृष्टी) तपासणीच्या अहवालाशिवाय ठरवू नये, आम्हीही ठरवणार नाही. या गटासाठी ५ आणि ७ इंची पडद्याची इलेक्ट्रॉनिक भिंगे, ४ आणि ६ पटीच्या दुर्बिणी आणि वाचनासाठी तिरके मेज हवे आहे. तिरक्या मेजाकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण मान दुखून वाचन सोडणारे मूल त्यावर टिकते.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे फोन किंवा संगणकावरचा मजकूर बोटांनी वाचता यावा म्हणून ब्रेलची टिंबे वर उचलणारी पट्टी, आम्ही सर्वात आग्रहाने मागत आहोत. फोन बोलतो, मग ब्रेल कशाला, असे विचारले जाते. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक कळणार कसा? ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, समीकरणातले कंस हे बोटाखालीच कळते. डिस्प्लेवर एका ओळीत किती घरे (एकेका ब्रेल चिन्हाच्या जागा) आहेत हे मराठीसाठी फार महत्त्वाचे. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, १५ घरे घेतो, कारण प्रत्येक हलन्त चिन्हाला आणि मात्रेला वेगळे घर लागते. १४ घरांच्या डिस्प्लेवर तो मावतच नाही. दप्तरात नेण्यासाठी २० घरांचा आणि गणित-विज्ञानासाठी ४० घरांचा, अशी आमची निवड आहे. वापरलेला डिस्प्ले देणार असाल तर आधी प्रत्येक घरातली सगळी टिंबे वर येतात का ते बोट फिरवून पाहा. हाताचा तेलकटपणा आणि धूळ साचली की टिंब अडकते. क हे टिंब १ आणि ३. त्यातले ३ वर आले नाही तर मुलाच्या बोटाला तो अ लागतो आणि चूक यंत्राची असून शुद्धलेखन कच्चे ठरते. अडकलेला डिस्प्लेही द्या, पण तसे चिठ्ठीवर लिहा. दुरुस्तीसाठी वेगळा निधी ठेवत आहोत.

जुने लॅपटॉप आणि फोन आनंदाने घेऊ, काही अटींवर. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. यंत्र मंद असेल तर कळ दाबल्यावर स्क्रीन रीडरचा (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) आवाज उशिरा येतो, मूल पुन्हा दाबते आणि तीच आज्ञा दोनदा जाते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज ११ चालणारेच यंत्र द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे लागत नाहीत. पडदा फुटलेला लॅपटॉपही पूर्ण दृष्टिहीन विद्यार्थ्याला चालतो. निखळलेली कळ मात्र चालत नाही.

फोन देताना सेटिंगमध्ये जाऊन आधी आपले गुगल खाते आणि स्क्रीन लॉक काढा, नंतर तिथूनच फॅक्टरी रीसेट करा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून खात्यातून बाहेर पडा. हे राहिले तर फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि आमच्या काहीच कामाचा उरत नाही. पाठ फुगलेली किंवा बॅटरी सुजलेली यंत्रे आणू नका. ती दप्तरात ठेवणे धोक्याचे आहे. सोबत वायरचे इअरफोन द्या. मूल एका कानात फोन ऐकते आणि दुसरा कान शिक्षकांसाठी मोकळा ठेवते. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे राहतो आणि नेमका तासाला चार्ज संपतो.

ज्यांना वस्तू देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. साधन कितीही चांगले असले तरी त्यात घालायला वाचता येईल असा मजकूर लागतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या मराठी फाँटमधली टिपणे स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांची रांग वाटतात आणि तो तीच वाचत सुटतो. अशा फायली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरावरची पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. ते माणसानेच मूळ पानाशी ताडून नीट करावे लागते. स्कॅन करणाऱ्यांनी ३०० डीपीआय ठेवावे आणि पुस्तक शिवणीपाशी सपाट दाबावे, नाहीतर आतल्या कडेची अक्षरे सावलीत जातात. दोन स्तंभांचे पान असेल तर स्तंभ वेगळे करून द्या.

रोख देणगी ‘साधन खरेदी’ किंवा ‘दुरुस्ती व सुटे भाग’ यांपैकी कशासाठी आहे ते पावतीवर लिहून घ्या. दुरुस्तीकडे थोडे अधिक लक्ष द्या, ही विनंती. नव्या यंत्राला देणगीदार मिळतो. बॅटरी, चार्जर, एसडी कार्ड आणि दुर्बिणीच्या दोरीला सहसा मिळत नाही. वस्तू आणताना चार्जर त्याच पिशवीत ठेवा आणि यंत्र किती वर्षे वापरले, शेवटचे कधी सुरू केले, एवढे एका चिठ्ठीवर लिहा. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी साधने हाती आली, तर तपासून, मराठी आवाज बसवून पहिल्याच दिवशी मुलांच्या दप्तरात देता येतील.