हॅलिबटच्या सहलीत दिलेल्या निकृष्ट आमिषाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : होमर, अलास्का येथील सहलीत आमिष म्हणून पुरवलेले खराब हेरिंग मासे आणि माहितीपुस्तिकेतील चुकीच्या सूचना

महोदय,

गेल्या जून महिन्यात आपल्या कंपनीमार्फत आम्ही काही गरीवाले होमरला हॅलिबट हा मोठा चपटा मासा पकडायला गेलो होतो. विमान, राहणे, जेवण, बोट, कप्तान यांबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आमिषाची आहे. परतल्यावर फोन केला तेव्हा "मासा लागणे न लागणे नशिबावर असते" असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्या माहितीपत्रकात "उत्तम प्रतीचे आमिष समाविष्ट" असे छापले आहे आणि त्याचे पैसे वेगळे लावले आहेत. आपल्या स्थानिक प्रतिनिधीने सकाळी धक्क्यावर आणून दिलेल्या पेटीत हेरिंगच्या पिशव्या होत्या. हवा काढून बंद केलेल्या पिशवीत बर्फाचे सुटे खडे असता कामा नयेत. इथे पिशवीच्या तळाशी लालसर पाणी गोठून त्याची वडी झालेली होती. मासा एकदा वितळला, त्याचे रक्तपाणी सुटले आणि तो पुन्हा गोठवला, याची ही सरळ खूण आहे. डोळे खोल गेलेले आणि तांबूस, खवले पिशवीलाच चिकटून राहिलेले, पोटे फुटलेली, कडेला तेल खवट होऊन पिवळट झालेले. चांगल्या हेरिंगची पाठ निळसर हिरवी असते, डोळा स्वच्छ असतो आणि अंगावरचे खवले शाबूत असतात. आमच्या देवगडच्या बंदरावर अशी तारली कोणी गरीलाही लावली नसती. सगळ्या पिशव्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

हॅलिबट तळाला पडून असतो आणि आमिष शोधतो ते मुख्यतः वासाने. बोट नांगरून उभी असते, प्रवाह आमिषाचा वास लांबवर वाहून नेतो आणि मासा त्या वासाच्या मागावर येतो. त्याला यायला वेळ लागतो, तोवर आमिष गळावर टिकले पाहिजे. हेरिंगला तेलामुळे वास जबरदस्त, पण मांस मुळातच मऊ. वितळून पुन्हा गोठली की बर्फाच्या स्फटिकांनी आतल्या पेशी फाटतात आणि तिचा लगदा होतो. मग कॉड, डॉगफिश, काटेरी डोक्याचे लहान मासे चार टोचे मारून गळ साफ करून जातात. साठ मीटर खोलीवर किलोभर शिसे लावलेली दोरी गुंडाळून वर आणायची आणि पाहायचे तर गळ रिकामा. आमच्या गटात सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांचे खांदे भरून आले तरी ते रीळ फिरवत होते, हे मी विसरू शकत नाही.

त्यातच होमरचे पाणी. उधाणाला भरती-ओहोटीचा फरक २० फुटांच्या पुढे जातो. प्रवाह जोरात असताना शिसे तळाला ठरत नाही, म्हणून पाणी थांबते तो थोडा काळच खरा कामाचा. तो काळ आम्ही रिकामे गळ वर काढण्यात घालवला.

आता नशिबाबद्दल. आमची दशा पाहून कप्तानाने स्वतःच्या शीतपेटीतला ऑक्टोपस दिला. सालीसकट कापलेल्या लांब पट्ट्या होत्या. त्याच बोटीवर, त्याच तळावर, त्याच तासात ऑक्टोपस लावलेल्या काठ्यांना हॅलिबट लागले आणि आपली हेरिंग लावलेल्या काठ्या कोऱ्या राहिल्या. दिवसभरात बोटीवर आलेला प्रत्येक हॅलिबट त्या ऑक्टोपसवरचा आहे. कप्तान हे लेखी द्यायला तयार आहे. ऑक्टोपसला वास कमी असला तरी तो रबरासारखा चिवट, टोचून टोचून निघत नाही. म्हणून तिथले जाणते लोक आधी ऑक्टोपसची पट्टी ओवतात आणि तिच्या जोडीला हेरिंग लावतात. वास हेरिंगचा, टिकाव ऑक्टोपसचा. तो नसेल तर माकूल, नाहीतर सॅमनच्या पोटाकडची चामडीसकट पट्टी.

आमिषाने एवढा फरक पडतो का, असे आपल्या प्रतिनिधींनी विचारले होते. १९२३ पासून हॅलिबटवर देखरेख ठेवणारा अमेरिका-कॅनडाचा संयुक्त आयोग दरवर्षी पाहणीसाठी गळ टाकतो, त्यासाठी अनेक वर्षे एकच आमिष ठरलेले होते : चम जातीच्या सॅमनचे साधारण ११० ते १५० ग्रॅमचे तुकडे. आमिष बदलले की पकड बदलते आणि मग आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून हा काटेकोरपणा.

दुसरी तक्रार आपल्या मराठी पुस्तिकेची. मराठीत अशी पुस्तिका काढली याचा मला मनापासून आनंद झाला होता, म्हणून तिच्यातल्या चुका अधिक लागल्या. "हेरिंग कोमट पाण्यात सोडून वितळवावी" असे त्यात आहे. कोमट पाण्यात चांगली हेरिंगही तासाभरात पिळपिळीत होते. ती बर्फाच्या खारट पाण्यात हळूहळू सुटू द्यायची. खारवण्याबद्दल तर पुस्तिकेत अक्षर नाही, आणि अर्धी तयारी तीच आहे. आयोडीन नसलेले जाडे मीठ थंडगार पाण्यात विरघळेनासे होईपर्यंत घालायचे आणि हेरिंग रात्रभर त्यात ठेवायची. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, मासा घट्ट होतो, कातडी ताणून बसते. सॅमनसाठी काहीजण त्या पाण्यात कपड्यांची नीळही घालतात, म्हणजे खवले चमकतात. हॅलिबटला त्याची गरज नाही. मात्र पोट फुटलेली हेरिंग खारवूनही सुधारत नाही, त्यामुळे आपल्या पेटीवर हा इलाज चालला नसता.

"आमिषाने गळ पूर्ण झाकावा" हे वाक्यही काढून टाका. तिथे सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ वापरतात. त्यात हिसका द्यायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यासाठी टोक आणि दांडी यांच्यामधली जागा मोकळी हवी. ती आमिषाने भरली तर मासा येऊनही सुटतो.

सर्वांत गंभीर सूचना पान उलटल्यावर आहे : "आमिष संपल्यास पकडलेल्या माशाचे तुकडे वापरावेत". अलास्कात हौशी मासेमाराने पकडलेल्या हॅलिबटचे मांस आमिष म्हणून वापरणे नियमबाह्य आहे. डोके, शेपटी, पर आणि आतडी चालतात. सॅमनची डोकी तर हॅलिबटसाठी नामी. हा फरक न सांगता आपण परदेशात आपल्याच ग्राहकांना दंडाच्या तोंडी देत आहात.

माझी मागणी अशी. आमिषापोटी घेतलेली पूर्ण रक्कम आणि त्या दिवसाच्या बोटभाड्याची निम्मी रक्कम गटातील प्रत्येकाला परत करावी. पुस्तिका तातडीने मागे घेऊन, होमरच्या एखाद्या अनुभवी कप्तानाकडून तपासून घेऊन मगच पुन्हा छापावी. पुढच्या गटांना गोठवल्याची तारीख असलेली हेरिंग आणि सोबत ऑक्टोपस द्यावा, आणि पेटी आदल्या संध्याकाळी हाती द्यावी, म्हणजे ती तपासायला आणि खारवायला रात्र मिळेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. गटातील इतरांची संमतीपत्रे माझ्याकडे आहेत.

आपला,
होमर सहलीतील एक ग्राहक
देवगड, जि. सिंधुदुर्ग

सोबत : पिशव्यांचे फोटो, पावतीची प्रत, पुस्तिकेची संबंधित पाने