धरणाची शंभरी आणि काठावरच्या वाड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या शताब्दीनिमित्त दगडी बांधकामाचे आणि सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु शेंडीपासून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभ्यापर्यंत जलाशयाला वळसा घालून वसलेल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांचा उल्लेख त्या कौतुकात क्वचितच येतो.

या गावांचा कारभार नेमका कोणाकडे आहे, हे बाहेरच्या माणसाला सहजी उमगत नाही. पाणी जलसंपदा विभागाचे. भोवतालचे रान १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात असल्याने वन विभागाचे. आदिवासी विकासाच्या योजना राजूरच्या प्रकल्प कार्यालयाकडे. आणि उरलेले सारे, म्हणजे दिवाबत्ती, गटारे आणि कचरा, ग्रामपंचायतीच्या गळ्यात. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी आणि पुढे पावसाळ्यात धबधब्यांसाठी शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते, तेव्हा मागे राहणाऱ्या बाटल्या आणि पत्रावळ्या उचलण्याचे काम ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) आणि मोजके कर्मचारी यांच्यावर येते. काठावर तंबू लावून चार पैसे मिळवणाऱ्या स्थानिक तरुणांना मी दोष देणार नाही, कारण भात आणि नागली यांखेरीज तिथे उत्पन्नाची दुसरी वाट फारशी नाही. मात्र शौचालय, वाहनतळ आणि कचऱ्याची व्यवस्था नसताना तंबूंची संख्या वाढत गेली, तर ज्या पाण्यासाठी लोक येतात तेच पाणी आधी नासेल.

याहून बोचणारी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस घाटघर-रतनवाडी परिसरात पडतो, तो प्रवरेच्या कालव्यांतून खालच्या तालुक्यांतील शेतीपर्यंत पोहोचतो, आणि उंचावरच्या वाड्यांतील बाया मात्र उन्हाळ्यात झऱ्यावर हंडा घेऊन बसतात. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले आहे. वाडी चढावर असेल तर नुसती नळजोडणी दाखवून भागत नाही, पंप चालवणारा माणूस आणि विजेचे बिल यांचीही तरतूद लागते.

ही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायदा (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा केंद्राचा कायदा) त्यांना लागू आहे. २०१४ च्या राज्य नियमांनुसार वाडी-पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते, आणि आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तेव्हा माझी विनंती एवढीच, की पर्यटकांकडून या परिसरात जे जे शुल्क घेतले जाते त्याचा जमाखर्च संबंधित गावांच्या ग्रामसभेत दरवर्षी वाचून दाखवावा, तंबूंची संख्या आणि जागा ग्रामसभेच्या ठरावाने निश्चित व्हावी, आणि शताब्दीसाठी काही निधी मंजूर होणार असेल तर त्यातला पहिला खर्च रोषणाईवर न करता उंचावरच्या वाड्यांच्या पाणीयोजनांवर व्हावा.

आपला,
एक वाचक, राजूर (ता. अकोले)